पक्ष्यांच्या आहारातील अमिनो आम्ले आणि रक्तगत कोलेस्टेरॉल : वैद्य व औषधनिर्माते यांच्या दृष्टीने एक अभ्यास

विषयप्रवेश

रक्तातील कोलेस्टेरॉल वाढल्याचा अहवाल हातात घेऊन येणारा रुग्ण औषधाविषयी नंतर विचारतो, "अंडे बंद करू का?" हा त्याचा पहिला प्रश्न असतो. पेण व रोहा या दोन तालुक्यांत चिकित्सा करताना प्रस्तुत लेखकास हा अनुभव वारंवार आला आहे. याच परिसरात भातखाचरांच्या कडेने ब्रॉयलर कोंबड्यांच्या शेडही उभ्या राहिल्या असून त्यांचे मालक आपल्याच दवाखान्यांत येतात. त्यांचा प्रश्न वेगळा असतो : "पक्ष्यांचे कोलेस्टेरॉल कमी करणारी एखादी वनस्पती खाद्यात घालता येईल का?" आणि आपले औषधनिर्माते बंधू तिसराच प्रश्न विचारतात : "असे चूर्ण तयार केले, तर लेबलावर काय लिहावे?"

हे तीनही प्रश्न वरवर भिन्न असले तरी त्यांचे मूळ एक आहे. आहारातील प्रथिनांचे घटक, म्हणजे अमिनो आम्ले, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांचा संबंध नेमका काय, हे समजल्याशिवाय तिघांपैकी कोणालाही प्रामाणिक उत्तर देता येत नाही. कोंबडीवर या विषयाचे दीर्घकाळ संशोधन झालेले आहे. त्यातून आपण काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

प्रश्नाचा पूर्वेतिहास

१९०८ मध्ये रशियातील इग्नाटोव्स्की या संशोधकाने सशांना मांस, अंडी व दूध खाऊ घातले असता त्यांच्या धमन्यांत विकृती आढळली. याचे कारण प्राणिज प्रथिने असावीत, असा त्याचा तर्क होता. पुढे १९१३ मध्ये अनिच्कोव्ह व खलातोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना देऊन तीच विकृती उत्पन्न केली, आणि सर्वांचे लक्ष प्रथिनांकडून कोलेस्टेरॉलकडे वळले. परंतु ससा हा शाकाहारी प्राणी; त्याच्या शरीरास आहारातील कोलेस्टेरॉलचा परिचयच नाही. म्हणून उभयाहारी प्राण्याचा शोध सुरू झाला व कोंबडी पुढे आली. १९४२ मध्ये शिकागो येथील डॉबर व कॅट्झ यांनी कोलेस्टेरॉलयुक्त खाद्य देऊन कोंबडीच्या पिलांतही धमनीविकृती दाखवून दिली.

प्रथिनांचा प्रश्न १९५८ च्या सुमारास पुन्हा वर आला. कोलेस्टेरॉलयुक्त खाद्यावर ठेवलेल्या पक्ष्यांचे प्रथिनांचे प्रमाण कमी केले की रक्तगत कोलेस्टेरॉल वाढते व ते प्रमाण वाढवले की उतरते, असे शिकागो येथे स्टॅमलर, पिक व कॅट्झ यांना, तसेच इलिनॉय विद्यापीठात कुमेरो व त्यांच्या सहकाऱ्यांना दिसून आले. म्हणजे ज्या प्राण्यात "प्रथिने धमन्यांस घातक" या जुन्या तर्काची परीक्षा व्हायची होती, त्याच प्राण्यात बरोबर उलट चित्र दिसले. प्रथिने अपुरी असताना पक्षी अधिक संकटात होता. हा मुद्दा वाचकांनी ध्यानी ठेवावा. लेखाच्या अखेरीस एका रुग्णाच्या संदर्भात त्याकडे पुन्हा यावयाचे आहे.

पक्षिशरीराचे वेगळेपण

पक्ष्यातील निष्कर्ष मनुष्याला लावण्यापूर्वी त्याच्या शरीरक्रियेतील काही भेद समजून घेणे आवश्यक आहे.

१. पक्ष्यात मेदाची निर्मिती प्रामुख्याने यकृतात होते. मेदसाठ्याच्या ऊतींचा त्यात वाटा अल्प असतो. त्यामुळे आहारातील दोषाचा पहिला भार यकृतावर पडतो.

२. आहारातील स्निग्धांश मनुष्यात लसिकावाहिन्यांतून रक्तात जातो. पक्ष्यात तो प्रतिहारी सिरेतून सरळ यकृताकडे जातो.

३. पक्षी नायट्रोजन यूरियाच्या नव्हे, तर यूरिक आम्लाच्या रूपाने बाहेर टाकतो. या कारणाने त्याची ग्लायसिनची गरज मोठी आहे, आणि आर्जिनीन तर तो स्वतः तयारच करू शकत नाही.

४. अंडी घालू लागलेल्या कोंबडीत स्त्रीसंप्रेरकाच्या प्रभावाने यकृत बलकासाठी मोठ्या प्रमाणात स्निग्ध द्रव्ये रक्तात सोडते. तिच्या रक्तातील ट्रायग्लिसराइड कोंबड्याच्या मानाने अनेक पटींनी वाढते. तो रोग नसून मातृत्वाची तयारी होय.

५. पक्ष्याच्या रक्तात कोलेस्टेरॉलचा मोठा हिस्सा उच्च घनतेच्या मेदप्रथिनांत, म्हणजे एचडीएलमध्ये असतो.

निरोगी कोंबडीची रक्तशर्करा दोनशे मिलिग्रॅमहून अधिक असते, म्हणून तिला आपण मधुमेही म्हणत नाही. तोच न्याय कोलेस्टेरॉलच्या आकड्यालाही लावावयास हवा. मनुष्याच्या अहवालातील मर्यादा समोर ठेवून पक्ष्याचा आकडा वाचणे अशास्त्रीय आहे.

प्रमुख अमिनो आम्ले

मेथिओनीन : गंधकयुक्त असे हे अमिनो आम्ल या विषयाचा केंद्रबिंदू आहे. त्याची कामे तीन. पहिले, शरीरातील व विशेषतः पिसांतील प्रथिनांची घडण. दुसरे, मिथिल गट पुरवणे. या गटांच्या साहाय्याने यकृतात लेसिथिन तयार होते, आणि लेसिथिनचे आवरण मिळाल्याखेरीज यकृतातील मेद मेदप्रथिनांच्या रूपाने बाहेर पडू शकत नाही. मेथिओनीन व कोलीन अपुरे पडले की मेद यकृतातच साचतो. अंड्यावरील कोंबड्यांत यकृत मेदाने भरून, ठिसूळ होऊन, रक्तस्राव होणारा जो विकार पशुवैद्य जाणतात, त्याच्या विचारात या द्रव्यांना म्हणूनच स्थान आहे. तिसरे काम असे की, मेथिओनीनपासून सिस्टीन व पुढे टॉरिन बनते. कोंबडीची पित्ताम्ले टॉरिनशी जोडली जातात, आणि कोलेस्टेरॉल शरीराबाहेर जाण्याचा मुख्य मार्ग पित्ताचाच आहे.

येथे एक विरोधाभास लक्षात घेतला पाहिजे. यकृतातून मेद बाहेर पडू न शकल्यास रक्तातील आकडा काही काळ कमीही दिसू शकतो. रक्त "स्वच्छ" आणि यकृत मेदाने भरलेले, ही अवस्था आरोग्याची नव्हे. शिवाय मेथिओनीन जितके अधिक तितके कोलेस्टेरॉल कमी, असेही नाही. कोलेस्टेरॉलविरहित आहारावरील उंदरांत अधिक मेथिओनीनने रक्तगत कोलेस्टेरॉल वाढल्याचे जपानी संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवले. सोयाबीन, बटाटा व तांदूळ यांच्या प्रथिनांचा कोलेस्टेरॉल उतरवणारा गुण त्यांच्यातील अल्प मेथिओनीनशी निगडित असल्याचे त्यांचे प्रतिपादन होते. एकच द्रव्य एका आहारात उपकारक व दुसऱ्यात अपकारक ठरते, ते असे.

लायसिन व आर्जिनीन : यांचा विचार जोडीनेच करावा लागतो. फिलाडेल्फियातील क्रिचेव्हस्की यांनी सशांवर केलेल्या प्रयोगांत दुधातील केसीनने कोलेस्टेरॉल वाढले, तर सोयाबीनच्या प्रथिनाने तितके वाढले नाही. केसीनमध्ये आर्जिनीनच्या मानाने लायसिन सुमारे दुप्पट आहे. सोयाबीनमध्ये दोन्ही जवळपास सारखी आहेत. सोयाबीनमध्ये लायसिन मिसळताच त्याचा चांगुलपणा कमी झाला व केसीनमध्ये आर्जिनीन घालताच त्याचा दोष अंशतः उतरला. कोंबडीत या जोडीचे वैर अधिक तीव्र आहे. लायसिन अति झाले की वृक्कातील आर्जिनीन मोडणारे विकर वाढते, आणि आर्जिनीन स्वतः तयार न करू शकणारा पक्षी त्याच्या अभावाने खुंटतो. ब्रॉयलरवरील काही प्रयोगांत आर्जिनीनची भर घातल्याने उदरातील मेद कमी झाल्याचे आढळले आहे. मनुष्यात मात्र या गुणोत्तराचा परिणाम सशाइतका ठळक दिसत नाही.

ग्लायसिन : यूरिक आम्लाचा प्रत्येक रेणू बनवताना पक्ष्याचा ग्लायसिनचा एक रेणू खर्ची पडतो. खाद्यात निकृष्ट वा असंतुलित प्रथिन जास्त असेल, तर वापरात न आलेला नायट्रोजन बाहेर टाकण्यासाठीच पक्ष्याचे ग्लायसिन खर्च होते. म्हणजे केवळ "प्रथिन किती टक्के" हा आकडा पुरेसा नाही. मनुष्यात ग्लायसिन पित्ताम्लांशी जोडले जाते, कोंबडीत नाही. त्यामुळे ग्लायसिनविषयीचे निष्कर्ष एका प्राण्यातून दुसऱ्यात नेताना विशेष सावधगिरी हवी.

या सर्व विवेचनाचा मथितार्थ असा : रक्तगत कोलेस्टेरॉल हे एखाद्या अमिनो आम्लाच्या मात्रेचे उत्तर नसते. एकूण प्रथिन व ऊर्जा यांचे प्रमाण, अमिनो आम्लांचा आपसांतील तोल, आहारात कोलेस्टेरॉल आहे की नाही, आणि खाणारा प्राणी कोण, या चारांचे ते एकत्रित फल असते.

शास्त्रसंगती

प्राचीन आचार्यांना अमिनो आम्ले ठाऊक होती, असे म्हणण्याचा येथे हेतू नाही. तथापि वरील चार मुद्द्यांचा विचार करण्याची चौकट आपल्यापाशी आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था व उपयोक्ता अशी आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. त्यांतील राशीचे दोन प्रकार आहेत. संपूर्ण आहाराचे एकत्रित प्रमाण तो सर्वग्रह. आणि त्यातील एकेका द्रव्याचे पृथक् प्रमाण तो परिग्रह. खाद्यातील एकूण प्रथिन पाहणे हा सर्वग्रहाचा विचार झाला, तर मेथिओनीन व लायसिन स्वतंत्र मोजणे हा परिग्रहाचा. लायसिन व आर्जिनीन यांचे परस्परसापेक्ष कार्य हे संयोगाचे उदाहरण होय. द्रव्ये एकत्र आली असता जे कार्य दिसते, ते एकेकट्यात असतेच असे नाही. ससा, उंदीर, कोंबडी व मनुष्य यांतील भेद उपयोक्त्याच्या विचारात येतो.

मेदोवह स्रोतसाच्या दुष्टीची कारणे सांगताना आचार्यांनी अव्यायाम, दिवास्वप्न, मेदुर पदार्थांचे अतिसेवन व वारुणीचे अतिसेवन यांचा एकत्र उल्लेख केला आहे, एखाद्या एकाच पदार्थाचा नव्हे. बंदिस्त शेडमध्ये हालचालीविना, सतत प्रकाशात, ऊर्जाबहुल खाद्यावर वाढणारा पक्षी पाहिला की या यादीची आठवण होते. मात्र "कोलेस्टेरॉल म्हणजेच मेद" असे समीकरण मांडणे उचित नाही. कोलेस्टेरॉल हे पित्ताम्लांचे, संप्रेरकांचे व प्रत्येक पेशीच्या आवरणाचे घटकद्रव्य आहे. त्याचा संबंध एका धातूपुरता मर्यादित करता येत नाही.

खाद्याचे गणित

औषधनिर्मात्या बंधूंसाठी आता थोडे गणित करू. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या १९९४ च्या तक्त्यानुसार पहिल्या तीन आठवड्यांच्या ब्रॉयलर पिलाच्या खाद्यात मेथिओनीन ०.५० टक्के व लायसिन १.१० टक्के असावे लागते. समजा, १०० किलो खाद्यात ६० किलो मका व ३५ किलो सोयाबीन पेंड (४४ टक्के प्रथिनाची) आहे. उरलेले ५ किलो खनिजे, तेल इत्यादी.

मक्यात लायसिन ०.२६ टक्के व मेथिओनीन ०.१८ टक्के असते. म्हणजे ६० किलोतून लायसिन सुमारे १५६ ग्रॅम व मेथिओनीन १०८ ग्रॅम.

सोयाबीन पेंडीत लायसिन २.६९ टक्के व मेथिओनीन ०.६२ टक्के. म्हणजे ३५ किलोतून लायसिन सुमारे ९४१ ग्रॅम व मेथिओनीन २१७ ग्रॅम.

बेरीज : लायसिन सुमारे १,०९७ ग्रॅम, गरज १,१०० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ बरोबर. मेथिओनीन ३२५ ग्रॅम, गरज ५०० ग्रॅम. म्हणजे १७५ ग्रॅमची तूट. टनामागे ही तूट पावणेदोन किलोंची होते. मका-सोयाबीनच्या खाद्यात मेथिओनीनच प्रथम तुटते, आणि खाद्य कारखाने कृत्रिम मेथिओनीन बाहेरून घालतात, ते यामुळेच. पूर्वी आपल्याकडे परसातील कोंबडी कणी, कोंडा, किडे व सुकटीचा चुरा टिपत असे. त्यातील किडे व सुकट ही तूट आपोआप भरून काढीत. वनस्पतिज द्रव्यांत तिळाची पेंड मेथिओनीनच्या दृष्टीने समृद्ध आहे, पण तिच्यात लायसिन कमी असते.

आता "एक किलो वनस्पतिचूर्ण एक किलो मेथिओनीनची जागा घेते" या विधानाकडे पाहू. चूर्णात २० टक्के प्रथिन आहे व त्या प्रथिनात २ टक्के मेथिओनीन आहे, असे उदारपणे धरले, तरी एका किलो चूर्णातून ४ ग्रॅम मेथिओनीन मिळेल. टनामागील पावणेदोन किलोंची तूट अशा चूर्णाने भरावयाची, तर चारशे किलोंहून अधिक चूर्ण लागेल. तात्पर्य, असे चूर्ण मेथिओनीनचा स्रोत असू शकत नाही. ते यकृताच्या कार्यास साहाय्य करीत असेल, अथवा कोलीनसदृश द्रव्यांमुळे मेथिओनीनचा मिथिल गटांसाठी होणारा खर्च काही अंशी वाचवीत असेल, तर तो गुण स्वतंत्रपणे सिद्ध करून तेवढेच सांगावे. खर्च वाचवणे व पुरवठा करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

एक प्रसंग

हा भेद केवळ पुस्तकी नाही. काही वर्षांपूर्वी रोहा परिसरातील एका परिचित औषधनिर्मात्याने यकृतास हितकर अशा वनौषधींचे चूर्ण कोंबड्यांसाठी तयार केले. द्रव्ये उत्तम होती, निर्मिती स्वच्छ होती. पत्रकावर मात्र "मेथिओनीनला संपूर्ण पर्याय" व "कोलेस्टेरॉलमुक्त मांस" असे दोन दावे होते. पत्रक मला दाखवले गेले. मी द्रव्यांचे गुणधर्म तपासले, संस्कृत नावांतील चुका दुरुस्त केल्या आणि पत्रक परत केले. त्या दोन ओळींचे गणित मी केले नाही.

एका कोंबडीपालकाने पत्रकावर विश्वास ठेवून स्वतः मिसळत असलेल्या खाद्यातील मेथिओनीन पूर्ण बंद केले. तीन आठवड्यांत पिलांची वाढ मागे पडली, पिसे विरळ आली व पक्षी एकमेकांची पिसे टोचू लागले. त्याने पक्ष्यांचे रक्त तपासून घेतले होते. कोलेस्टेरॉल खरोखरच कमी आले होते. परंतु पक्ष्यांनी खाद्यच कमी खाल्ले होते. उपासमारीने उतरलेला आकडा हा गुण नव्हे. त्या घडीचा तोटा त्या शेतकऱ्याने सोसला. मला मात्र संस्कृत शुद्ध असल्याचे समाधान तेवढे मिळाले. त्या दिवसापासून कोणतेही पत्रक तपासताना मी आधी आकडेमोड करतो, मग व्याकरण पाहतो.

अशा चाचणीचा अहवाल समोर आला, तर निर्मात्यांनी व वैद्यांनी पुढील चार गोष्टी अवश्य पाहाव्यात.

१. मेथिओनीन न घातलेला, म्हणजे खरोखर तूट असलेला, तुलनेचा गट होता काय? मूळ खाद्यातच मेथिओनीन पुरेसे असेल, तर चूर्ण घाला, मेथिओनीन घाला वा काहीच घालू नका, वाढ सारखीच दिसेल. आणि चूर्ण मेथिओनीनच्या "बरोबरीचे" ठरेल.

२. प्रत्येक गटाने खाल्लेल्या खाद्याचे वजन दिले आहे काय?

३. रक्तासोबत यकृतातील मेदाची तपासणी झाली आहे काय?

४. नर-मादी, वय व उपाशी ठेवण्याचा काळ सर्व गटांत समान होता काय?

कायद्याच्या दृष्टीनेही सावधगिरी आवश्यक आहे. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यातील आयुर्वेदीय औषधाच्या व्याख्येत मनुष्यांबरोबर प्राण्यांच्या रोगांवरील औषधांचाही समावेश आहे, आणि लेबलावरील खोटे अथवा दिशाभूल करणारे विधान औषधास दोषास्पद ठरवते. "कोलेस्टेरॉलमुक्त मांस" हे विधान तर मुळातच अशक्य आहे; प्राण्याच्या प्रत्येक पेशीच्या आवरणात कोलेस्टेरॉल असते.

अंड्यापर्यंत काय पोहोचते?

कोंबडीच्या रक्तातील कोलेस्टेरॉल उतरवले की अंड्यातील उतरेल, हा समज सर्वत्र दिसतो. वस्तुस्थिती अशी की, बलकातील कोलेस्टेरॉल हे गर्भाच्या वाढीसाठी राखलेले द्रव्य आहे. आहारात बदल करून ते थोडेफारच हलते; औषधांनी फार दाबले, तर कोंबडी अंडी देणेच कमी करते. अमेरिकेच्या कृषी विभागाने २०११ मध्ये जाहीर केलेल्या फेरमोजणीत एका मोठ्या अंड्यातील कोलेस्टेरॉल सुमारे १८५ मिलिग्रॅम आढळले. पूर्वीचा आकडा २१२ होता. गावरान असो वा शेडमधील, बलक आहे तेथे कोलेस्टेरॉल आहेच. बलकातील स्निग्धाम्लांचे व जीवनसत्त्वांचे प्रमाण मात्र कोंबडीच्या आहारानुसार बदलते. गावरान अंड्याचा जो काही विशेष असेल, तो तेथे शोधावा.

एका प्राण्यातील निष्कर्ष दुसऱ्यावर लादण्याचा धडा आपल्याच गुग्गुळाने दिला आहे. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. सत्यवती यांनी मेदोरोगाच्या प्राचीन वर्णनाच्या आधारे सशांवर केलेले कार्य अभिमानास्पद आहे. तथापि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत १०३ व्यक्तींना आठ आठवडे गुग्गुळाचे प्रमाणित सत्त्व वा तुलनेची निष्क्रिय गोळी देऊन पाहता एलडीएल उतरले नाही, उलट किंचित वाढले, व काहींना त्वचेवर पुरळ आले. गुग्गुळाचे शास्त्रोक्त उपयोग याने रद्द होत नाहीत. परंतु तेथे आहार, प्रकृती, कल्प सारेच भिन्न होते, आणि सशाचा आकडा माणसाचे वचन होऊ शकत नाही, एवढे निश्चित.

चिकित्सकाचा व्यवहार

आता प्रारंभीच्या रुग्णाकडे वळू. पेण येथील पन्नाशीतील एक मूर्तिकार वाढलेल्या कोलेस्टेरॉलचा अहवाल घेऊन आले. दिवसभर बैठे काम, गणेशोत्सवापूर्वीचे महिने रात्रीची जागरणे. मी नेहमीच्या सवयीने अंडी व मासळी वर्ज्य सांगितली. पोटात वात धरतो म्हणून वालही बंद केला. पर्याय काय खावा, हे सांगितले नाही. गृहस्थ आज्ञाधारक. चार महिने ते भात, पातळ आमटी, चहा व टोस्ट यांवर राहिले. दुसऱ्या अहवालात कोलेस्टेरॉल थोडे उतरले होते, पण ट्रायग्लिसराइड वाढले होते, दंड-मांड्या उतरल्या होत्या, पोटाचा घेर तसाच होता आणि मातीचा गोळा उचलताना दम लागत होता.

१९५८ च्या त्या प्रयोगांचा अर्थ मला त्या दिवशी कळला. प्रथिन काढून घेतलेल्या, पिष्टमय आहारावर ठेवलेल्या पक्ष्याचीच अवस्था मी माणसात निर्माण केली होती. मांसधातूचे पोषण तुटले आणि मेद मात्र तसाच राहिला.

पुढे आहार बदलला. भाताचे प्रमाण निम्मे केले. वाल व कुळीथ मोड आणून, सोलून, ओवा-आले-लसूण यांच्या संस्कारासह दिले. त्यामुळे वालाची गुरुता व वातकरता सुसह्य झाली. वालात लायसिन भरपूर पण मेथिओनीन कमी, तांदळात त्याच्या उलट. आपल्या भागातील वालाचे बिरडे व भात ही जोडी म्हणूनच अर्थपूर्ण आहे, फक्त ताटातील प्रमाण सांभाळावे लागते. मासळी तळलेली बंद करून आमटीतील सुरू केली. अंडे आठवड्यातून तीन वेळा, उकडून दिले. चहाबरोबरचे टोस्ट बंद, संध्याकाळी चालणे सुरू. सहा महिन्यांनी दम लागणे थांबले, ट्रायग्लिसराइड उतरले. कोलेस्टेरॉल फारसे खाली आले नाही, म्हणून त्यांना हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले व तेथील औषध सुरू ठेवण्यास सांगितले. पथ्याने जे साधते ते पथ्याने साधावे. जे साधत नाही, त्यासाठी औषध नाकारू नये.

कुक्कुट हा विष्किर वर्गातील पक्षी असून त्याचे मांस बृंहण, बल्य व वातहर मानले आहे. कृश, वातप्रधान रुग्णास जे हितकर, ते स्थूल व अव्यायामी रुग्णास त्याच राशीत हितकर होणार नाही. मधुमेह, कुळात लहान वयातील हृदयविकार अथवा अतिशय वाढलेले एलडीएल असणाऱ्यांत बलकाबाबत अधिक काटेकोर राहावे. इतर बहुसंख्य रुग्णांत एका अंड्यापेक्षा ते कशात तळले व कशासोबत खाल्ले, हा प्रश्न मोठा असतो. माघाच्या थंडीत आपल्याकडे पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, ओवा व मीठ; तेल नाही, पाणीही नाही. अग्नी प्रदीप्त असण्याच्या काळातील हा संयोग माझ्या मते निंद्य नाही. अतिमात्रा व त्यासोबतची वारुणी मात्र निंद्य होय.

सारांश

१. पक्ष्यांत प्रथिनांची हीनता व असमतोल यांनी मेदव्यापार बिघडतो. एकच अमिनो आम्ल वाढवून तो सुधारेल, असे मानू नये.

२. मेथिओनीन यकृतातील मेद बाहेर काढण्यास व पित्ताम्लांच्या जोडणीस आवश्यक आहे. त्याचा परिणाम उर्वरित आहारावर अवलंबून असतो.

३. रक्तातील उतरलेला आकडा यकृताची स्थिती व खाल्लेल्या खाद्याचे वजन यांसह वाचावा.

४. वनस्पतिचूर्ण मेथिओनीनचा पुरवठा करीत नाही. निर्मात्यांनी सिद्ध झालेला गुण तेवढाच लिहावा. चूर्णासाठी खाद्यातील मेथिओनीन बंद करण्याचा सल्ला देऊ नये.

५. रुग्णास एखादे द्रव्य वर्ज्य सांगताना त्याच्या जागी काय घ्यावे, हे त्याच चिठ्ठीवर लिहावे.

अखेरचा मुद्दा लहान वाटेल. पण मूर्तिकारास दिलेल्या माझ्या पहिल्या चिठ्ठीत नेमकी तीच ओळ नव्हती. सुज्ञ वाचकांनी आपल्या चिठ्ठ्या एकदा या दृष्टीने पाहाव्यात, एवढीच विनंती. इत्यलम्.